हार्लनची बहीण

पाम स्प्रिंग्ज
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९७९

मॅक्सीन,

हार्लनची कंबर धरलेली नाही. बुधवारी त्याने तुला फोनवर तसं सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलून ऐकत होते. "यंदा नाही गं जमायचं, उठता-बसता येत नाही." आणि तू म्हणालीस, "गरम पाण्याची पिशवी घे, लेनोरला सांग." म्हणजे पिशवी भरायला मी. आत्ता तुझा हा आजारी माणूस मोटेलच्या स्विमिंग पूलच्या काठावर ओणवा होऊन पाणी किती गरम आहे ते बघतोय.

हे सगळं घडलं त्याच्या ऑफिसातल्या नव्या मुलीमुळे. तो डिसेंबरात निवृत्त झाला. तू फ्रेस्नोच्या शाखेत, तेव्हा बेकर्सफील्डच्या टेबलावर तुझी नजर नाही. त्या बिचारीने त्याच्या नावचं सगळं टपाल इमानदारीने घरी पाठवलं. त्यात इथल्या मोटेलवाल्या हेडीचं कार्ड. "श्री. व सौ. टॉलिव्हर, चार नंबरची खोली नेहमीप्रमाणे तयार आहे. ग्रेपफ्रूटला यंदा फळ लगडलंय. मॅक्सीनला म्हणावं, प्लम केक विसरलीस तर दारात उभी करणार नाही." मी ते कार्ड त्याच्या अंड्यांच्या बशीला टेकवून ठेवलं. त्याने ते वाचलं, आणि मॅक्सीन, तो खात राहिला. टोस्टसुद्धा संपवला.

"जाऊ या की," मी म्हटलं.

"कुठे?"

"आपल्या खोलीत."

गाडीत मला वाटलं होतं की एकतीस वर्षांचा संसार आहे, वाटेत कुठेतरी हा तोंड उघडेल. घाट उतरून वाळवंटात शिरलो, वाऱ्याने गाडी हलायला लागली, तरी साहेब मूग गिळून गप्प. मोटेलच्या आवारात शिरलो तर हेडी हात पसरून धावत आली. त्याच्या खांद्यावरून गाडीत डोकावून तुला शोधायला लागली. "मॅक्सीन कुठाय?"

हार्लनचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मॅक्सीनला बरं नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ही लेनोर. माझी बहीण."

मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. नाही सांगितलं. म्हटलं, बघू तरी गडी कुठवर जातो. हेडीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगं बाई, नाक अगदी भावाचं आहे."

मग पुढचं ऐक, तुला आवडेल. बहीण-भाऊ एका पलंगावर कसे झोपणार, म्हणून हेडीने घडीची खाट आणून टाकली. हार्लनचे पाय तिच्यातून वीतभर बाहेर येतात. मी तुमच्या पलंगावर. मऊ आहे, हे कबूल करते.

खुर्च्यांचं मला माहीत नव्हतं. ते कार्डात नव्हतं. पूलच्या कडेने प्रत्येक जोडप्याच्या दोन दोन खुर्च्या आणि पाठीवर रंगाने नावं. मी "मिसेस टॉलिव्हर" लिहिलेल्या खुर्चीत बसायला वाकले. तेच माझं नाव आहे, लायसनवरही आहे. तेवढ्यात एक गोलमटोल बाई पाण्यातून ओरडली, "ती नको गं, ती मॅक्सीनची! तिच्यावर कुणी बसत नाही." ही फर्न. तिचा नवरा वॉली टॉवेल गुंडाळून धावत आला आणि त्याने मला पाहुण्यांची खुर्ची दिली. त्या खुर्चीचा एक हात मोडका आहे.

संध्याकाळी हेडीने मला इथली रीत सांगितली. सरकारने वॉशिंग्टनचा वाढदिवस सोमवारवर नेला, त्या वर्षापासून ही पाच-सहा जोडपी जोडून सुट्टीला इथे येतात. व्हॅलेंटाइन नुकताच झालेला असतो, म्हणून रविवारच्या जेवणात एकेका नवऱ्याने उठायचं आणि बायकोचं नाव घेऊन चार शब्द बोलायचे. ज्याची बायको रडेल त्याला भांडी माफ. हार्लनने म्हणे आठ वर्षांत एकदाही भांडी घासलेली नाहीत.

खोलीत आल्यावर मी त्याला सांगितलं. रविवारी तुझी पाळी आली की उठायचं आणि म्हणायचं, ही लेनोर, ही माझी बायको. एवढंच. म्हणालास तर मी तुझ्याबरोबर घरी येईन आणि मरेपर्यंत मॅक्सीनचं नाव काढणार नाही. नाही म्हणालास तर गाडीची किल्ली माझ्याकडे आहे.

तो खाटेवर बसून बूट काढत राहिला. तुला कळावं म्हणून लिहिते आहे. तू आठ वर्षं माझ्या जागी बसलीस, आता तीन दिवस घरी बसून वाट बघ.

लेनोर टॉलिव्हर


शनिवार, १७ फेब्रुवारी

मॅक्सीन,

बहीण असण्यात मजा आहे. बायकोला जे बोलता येत नाही ते बहिणीला येतं.

सकाळी सगळे ग्रेपफ्रूट सोलत बसले होते. मी सांगितलं की आमचा हार्लन नऊ वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचा. हे मला सासूने सांगितलं होतं, मी ते कधी कुणाला बोलले नव्हते. आज बोलले. कोंबड्यांना घाबरायचा हेही सांगितलं. एकदा शेजारचा कोंबडा मागे लागला म्हणून चर्चमध्ये अर्ध्या प्रार्थनेला विजार सोडून आत शिरला, हे मात्र मी बनवलं. वॉली हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होता. "हार्लन, लेका, तू आम्हाला हे कधी बोलला नाहीस!"

"आठवत नाही मला," हार्लन म्हणाला.

"मला आठवतं ना," मी म्हटलं. "चड्ड्या मीच धुवायचे."

दुपारी रोपवेने वर गेलो. खाली माणसं पोहत असतात आणि वर डोंगरावर गुडघाभर बर्फ. उंचीवर त्याला गरगरतं हे तुला माहीत असेलच. मला एकतीस वर्षांपासून माहीत आहे. मी त्याला काचेशी उभा केला आणि म्हटलं, बघ रे दादा, किती खोल आहे. तो पांढराफटक पडला. वर पोहोचल्यावर बर्फात उलटी केली. मी पाठ चोळली, फर्न म्हणाली, "बहीण असावी तर अशी."

फर्न चांगली बाई आहे. ऑरेगनची. मनात एक, ओठावर एक असं तिचं नाही, म्हणून तिच्याकडून सगळं काढून घेणं अगदी सोपं गेलं. रस्त्याकडेच्या टपरीवर खजुराचा मिल्कशेक पीत तिने मला तासभर तुझी आरती ऐकवली. मॅक्सीन किती हसरी. मॅक्सीन आणि हार्लन पूलभोवती अनवाणी नाचतात तेव्हा सगळे बघत राहतात. माझ्याबरोबर तो माझ्या भावाच्या लग्नातही नाचला नव्हता, पायाला फोड आला म्हणाला होता.

मग ती म्हणाली, "आणि घर किती हौसेनं ठेवते गं. स्वयंपाकघर एकटीने पिवळं रंगवलं. शिडीवरून पडली, मनगट मोडलं, तरी डाव्या हाताने पुरं केलं."

मॅक्सीन, ते माझं मनगट. पावसाळी हवेत अजून दुखतं.

"आणि तिचा तो केक," फर्न म्हणाली.

तो माझ्या आईचा केक. दर नाताळात मी तुला एक द्यायची, मेणकागदात बांधून, वर रिबन. ऑफिसातली एकटी बाई, म्हणून. म्हणजे तू तो फेब्रुवारीपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायचीस, इथे आणायचीस आणि म्हणायचीस की पहाटे उठून केला. मला खरं तर हसू आलं. इतकी वर्षं मी सवतीला शिधा पोचवत होते. फर्नने विचारलं, का हसतेस? मी म्हटलं, आमच्या भावाने नशीब काढलं.

संध्याकाळी हार्लन खोलीत म्हणाला, "पुरे कर, लेनोर."

"उद्या जेवताना करीन. एकच वाक्य आहे."

"ही माणसं मला पुन्हा उभी करणार नाहीत."

"नको करू देत. आपण दुसरीकडे जाऊ."

त्याने खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "इथे मी चांगला माणूस आहे गं."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला त्याची कीव आली, आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं की हा उद्या उठेल आणि बोलेल, आणि मी त्याला माफ करीन. मी त्याच्या खाटेवर माझी उशी टाकली.

लेनोर


रविवार, १८ फेब्रुवारी, दुपार

मॅक्सीन,

डेल.

सकाळी फर्न मला हेडीच्या ऑफिसात घेऊन गेली. तिथल्या भिंतीवर दर वर्षीचे फोटो लावले आहेत. "आणि हा," ती म्हणाली, आणि एकदम आवाज खाली आणला, "आमच्या मॅक्सीनचा डेल."

हातात मासा धरलेला. दहा वर्षांचा, पुढचा दात पडलेला. हा फोटो माझ्या अल्बममधून गेला तेव्हा मी आठवडाभर घर उलथंपालथं केलं होतं. हार्लन माझ्याबरोबर शोधत होता. पलंगाखाली वाकून शोधत होता. फोटो एका बाजूने कात्रीने कापलाय, पण नीट नाही कापला. डेलच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली आहेत.

फर्न म्हणाली, "तू तर आत्या. तुला काय सांगायचं. पण बहात्तर साली ती आली ना, बाई गं. नोव्हेंबरात पोरगा व्हिएतनाममध्ये गेलेला, आणि ही फेब्रुवारीत इथे, काळा ड्रेस घालून. मी तिला सोडलंच नाही. मांडीवर डोकं ठेवून रडली. त्याचं शेवटचं पत्र तोंडपाठ होतं तिला. 'आई, बूट सुकतच नाहीत, पण काळजी करू नकोस, सवय झाली.' आम्ही सगळे रडलो. वॉली रडला. वॉली कधी रडत नाही."

ते पत्र मला आलं होतं. त्यावर आई लिहिलंय ते मला लिहिलंय.

त्या फेब्रुवारीत मी कुठे होते सांगते. पलंगावर. नोव्हेंबरपासून उठले नव्हते. हार्लन म्हणाला होता की कंपनीची बैठक आहे, टाळता येत नाही. शेजारीण येऊन मला चमच्याने सूप भरवायची. रडायलासुद्धा येत नव्हतं. मला वाटायचं, जगात कुणाला तरी हे समजावं, कुणीतरी माझं डोकं मांडीवर घ्यावं. आणि त्याच दिवसांत सहा बायका डेलच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

तुला मूल नाही हे मला माहीत आहे. त्याचं मला वाईट वाटायचं. केक त्यासाठीच होता.

नवरा घेतलास. केक घेतलास. मनगटसुद्धा घे. पण माझं मेलेलं पोर तू इथे या पूलच्या काठावर आणलंस आणि त्याच्यावर माया गोळा केलीस. मी तुझा तिरस्कार करते. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिते आहे, सवतीला लिहायच्या पत्रात तो आधीच यायला हवा होता.

हार्लनला मी काही बोललेले नाही. तो बाथरूममध्ये दाढी करतोय, रात्रीसाठी टाय बांधणार आहे.


बेकर्सफील्ड
सोमवार, १९ फेब्रुवारी

मॅक्सीन,

तिथून एकही टाकलं नाही आणि आज टपाल बंद, म्हणून ही चारही पत्रं तुला एकदमच मिळतील. क्रमाने वाच.

जेवण ग्रेपफ्रूटच्या झाडांखाली होतं. वॉली पहिला उठला. म्हणाला, "माझी फर्न घोरते, आणि ज्या रात्री घोरत नाही त्या रात्री मी उठून बघतो की जिवंत आहे ना." फर्न रडली, भांडी माफ झाली. मग बाकीचे बोलले. मग सगळ्यांनी हार्लनकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मॅक्सीन नाही, तर त्याला कशाला उठवायचं, असं त्यांना वाटलं असावं. भली माणसं आहेत.

तो उठला. मला खरं वाटेना. त्याचा टाय वाकडा होता. तो म्हणाला, "मित्रांनो, मला माझ्या बायकोविषयी सांगायचंय. शुक्रवारीच सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही." आणि त्याने माझ्याकडे हात केला.

मी जे मागितलं होतं ते समोर आलं होतं, मॅक्सीन. एक वाक्य उरलं होतं.

पण मी फर्नकडे बघितलं. आता तिला कळणार की डेलची आई मी. मग ती काय करणार? तुझ्यावर सांडलेले अश्रू पुसून घेणार आणि मला आणून देणार. सात वर्षं जुने, तुझे उष्टे. सगळ्या माझ्याभोवती जमतील, आणि मी कशी दिसते हे बघताना त्यांच्या मनात तू असशील, तू कशी रडलीस, तू कशी नाचतेस. मला ते नको झालं. मला त्या क्षणी फक्त तुझं काहीतरी कायमचं मोडायचं होतं.

मी उठले, त्याचा हात धरला आणि त्याला खाली बसवलं. "राहू दे हार्लन, तुला नाही जमायचं. मी सांगते." आणि मी त्यांना सांगितलं की तू गेलीस. जानेवारीत. झोपेत, हृदय बंद पडून. काही त्रास झाला नाही. एवढी दया मी तुझ्यावर केली.

"शुक्रवारी त्याच्या तोंडून निघेना," मी म्हटलं. "म्हणून म्हणाला, बरं नाही. मी सोबत आले ती त्यासाठीच."

फर्नच्या घशातून असा आवाज निघाला की मला पळून जावंसं वाटलं. वॉलीने हार्लनला मिठी मारली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. हार्लन त्यांच्या खांद्यांवरून माझ्याकडे बघत होता. एकदा म्हणालासुद्धा, "नाही, तसं नाहीये." वॉलीने त्याला थोपटलं. "माहीत आहे रे. खरं वाटत नाही. मला आई गेली तेव्हा असंच झालं होतं." त्यानंतर त्याने नाही म्हणणं सोडलं. आणि मग रडला. नाटक नव्हतं ते, मी त्याला ओळखते. सगळ्यांनी मिळून तुला गेली म्हटल्यावर त्यालाही तू गेल्यासारखी वाटली असणार. तुझ्यासाठी तो खूप रडला, मॅक्सीन. डेलच्या वेळी तो घरात एवढा रडला नव्हता.

हेडी तुझ्या नावाची पितळी पट्टी ग्रेपफ्रूटच्या झाडाला लावणार आहे. आता तू तिथे जाऊ नकोस. फोनही करू नकोस. फर्नचं हृदय नाजूक आहे, मेलेल्या बाईचा आवाज ऐकून तिचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या माथी. आणि जिवंत आहेस हे पटवायचंच असेल, तर आधी तू कोण आहेस ते सांगावं लागेल.

येताना घाट चढून वर आलो. हार्लन म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग का केलंस?"

मी रेडिओ लावला. आता तो गॅरेजमध्ये बसलाय. तो तुझ्याकडे येईल की नाही मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. आला तर ठेवून घे. त्याला आता कुठेच चांगला माणूस होता येणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

निघताना फर्न गाडीपाशी आली होती. रडून डोळे सुजले होते. तिने खिडकीतून हात घालून माझा हात धरला.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "आता डेलजवळ त्याची आई आहे. इतकी वर्षं पोरगं एकटं होतं."

मी मान हलवली.

"आत्या म्हणून तुझाही जीव असेल त्याच्यावर."

"होता," मी म्हटलं.

लेनोर